रॅमची भूक आणि ऑपरेटिंग सिस्टिमची चढाओढ

संगणक चालू केला, पडद्यावर काहीच उमटले नाही आणि आतून लांबलचक बीप ऐकू आले, की छत्रपती संभाजीनगरमधला कोणताही जाणता दुरुस्ती कारागीर आधी डबा उघडून रॅमची पट्टी बाहेर काढतो. पट्टीच्या खालच्या कडेला सोनेरी दातांची रांग असते. तिच्यावरून तो शाळकरी मुलांचे साधे खोडरबर दोन-चारदा फिरवतो, भुगा झटकतो, पट्टी खाचेत बसवतो आणि खटका 'टक्' करून लागेपर्यंत अंगठ्याने दाबतो. मराठवाड्याच्या धुळीचा आणि पावसाळी दमटपणाचा सोनेरी दातांवर बसलेला पातळ थर निघाला, की पुष्कळदा मेलेला संगणक उठून बसतो. काही रुपयांच्या खोडरबराने हे काम होते, आणि ज्या वस्तूवर ते होते ती माणसाने बनवलेल्या सर्वांत गुंतागुंतीच्या वस्तूंपैकी एक आहे.

ही पट्टी जेमतेम १३ सेंटिमीटर लांब असते. आजच्या साध्या ८ जीबीच्या पट्टीत ६,८७१ कोटींहून अधिक पेशी असतात, आणि प्रत्येक पेशी शून्य किंवा एक एवढी एकच गोष्ट लक्षात ठेवते. आठ पेशींचा एक बाइट. जगाची लोकसंख्या आज ८०० कोटींच्या थोडी पुढे आहे. म्हणजे पृथ्वीवरच्या प्रत्येक माणसाच्या नावाचे एक-एक इंग्रजी अक्षर लिहून ठेवायचे म्हटले, तरी ते सगळे या एका पट्टीत मावते.

प्रत्येक पेशीत एक ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर असतो. कपॅसिटरमध्ये विद्युतभार असला तर एक, नसला तर शून्य. ही कल्पना आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांना १९६६ मध्ये सुचली आणि १९६८ मध्ये तिचे पेटंट मिळाले. इंटेलची '११०३' ही मोठ्या प्रमाणावर विकली गेलेली पहिली डीरॅम (डायनॅमिक रॅम) चिप १९७० मध्ये बाजारात आली. तिच्यात १,०२४ बिट मावत.

या कपॅसिटरची एक खोड आहे. मातीच्या माठातून पाणी पाझरावे तसा त्याच्यातला भार सतत पाझरत असतो. म्हणून संगणक प्रत्येक पेशी वाचतो आणि जे वाचले ते पुन्हा तिथेच लिहितो. याला रिफ्रेश म्हणतात. सर्वसाधारण नियम असा, की ६४ मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक पेशीची एक फेरी पूर्ण झाली पाहिजे. म्हणजे आपण पडद्याकडे बघत नुसते बसलेलो असतो तेव्हाही, सेकंदाला सुमारे १६ वेळा, ६,८७१ कोटी पेशींची उजळणी चाललेली असते. उष्णतेने पाझर वाढतो. चिपचे तापमान ८५ अंश सेल्सिअसच्या वर गेले तर ही फेरी निम्म्या वेळात, ३२ मिलिसेकंदांत, पुरी करावी लागते. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि डब्यातला पंखा धुळीने जाम झालेला असतो, तेव्हा आतल्या यंत्रणेवर काय ताण येत असेल याची यावरून कल्पना यावी.

वीज गेली की उजळणी थांबते आणि सगळे पुसले जाते. लोडशेडिंगच्या वर्षांत मराठवाड्यातल्या प्रत्येक डीटीपी सेंटरने आणि टंकलेखकाने हा अनुभव घेतला आहे. दोन तास टाइप केलेला दस्त एका क्षणात नाहीसा होई, कारण तो हार्ड डिस्कवर उतरलेलाच नसे. हार्ड डिस्कवरच्या गोष्टी विजेशिवाय टिकतात, रॅममधल्या टिकत नाहीत. रॅम आणि साठवण या दोन्हींना आपण सरसकट 'मेमरी' म्हणतो, म्हणून हा फरक इथेच स्पष्ट केलेला बरा. या लेखाचा विषय रॅम आहे. संगणकाला ती किती लागावी हे कोण ठरवते, हा प्रश्न आहे.

उत्तर अनेकांना वाटते तसे निसर्गनियमासारखे अटळ नाही. ते ठरते ऑपरेटिंग सिस्टिम बनवणाऱ्यांच्या निवडींवर आणि त्यांच्या आपसांतल्या स्पर्धेवर.

आयबीएमचा पहिला पीसी १२ ऑगस्ट १९८१ रोजी जाहीर झाला. त्याच्या सर्वांत स्वस्त नमुन्यात अवघी १६ केबी रॅम होती. त्याच्या ८०८८ प्रोसेसरला पत्ते मोजायला २० तारा होत्या, म्हणून तो जास्तीत जास्त १ एमबी जागा ओळखू शकत असे. आयबीएमने त्यातला वरचा ३८४ केबीचा भाग पडदा आणि इतर यंत्रणांसाठी राखून ठेवला. उरले ६४० केबी. ही मर्यादा पुढे दशकभर साऱ्या जगाला छळत राहिली. '६४० केबी कोणालाही पुरेल' असे बिल गेट्स म्हणाल्याचे सांगितले जाते, पण त्याचा पुरावा कधीच मिळालेला नाही आणि गेट्स यांनी ते नाकारले आहे. मर्यादेचे मूळ आयबीएमच्या आराखड्यात आणि प्रोसेसरच्या तारांमध्ये होते. १९८१ मध्येही चढाओढ होतीच. आयबीएमने ग्राहकापुढे एकाहून अधिक सिस्टिम ठेवल्या होत्या. पीसी-डॉस ४० डॉलरला आणि सीपी/एम-८६ २४० डॉलरला. ग्राहकाने कोणती उचलली हे वेगळे सांगायला नको.

१९८७ मध्ये आयबीएम आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून ओएस/२ आणली. तांत्रिकदृष्ट्या ती डॉसच्या कितीतरी पुढे होती. पण डॉस ६४० केबीत नांदत असताना ओएस/२ ला दोन-दोन एमबी लागत, आणि १९८८ मध्ये जगभर डीरॅमचा तुटवडा पडून किमती चढल्या. मे १९९० मध्ये आलेली विंडोज ३.० मात्र १ एमबीच्या संगणकावरही उघडत असे. भागीदार वेगळे झाले. ओएस/२ २.० ने १९९२ मध्ये किमान ४ एमबी मागितले. चांगली सिस्टिम हरली, कमी खाणारी जिंकली. ओएस/२ च्या पराभवाची इतरही कारणे सांगितली जातात, पण माझ्या मते रॅमचा भाव हे त्यातले सर्वांत वजनदार कारण आहे.

रॅमचा भाव कोणत्या गोष्टींवर हिंदकळतो तेही पाहा. जुलै १९९३ मध्ये जपानमधील निइहामा येथे सुमितोमो केमिकलच्या कारखान्यात स्फोट झाला. चिप ज्या आवरणात बंद करतात त्यासाठी लागणारे विशिष्ट इपॉक्सी रेझिन जगाला मुख्यतः तिथून मिळत असे. कारखाना चिपचा नव्हताच, तरी जगभर रॅमचे भाव कडाडले.

आता मराठीकडे येऊ, कारण डॉसच्या त्या चिंचोळ्या जगात आपल्या भाषेला जागाच नव्हती. डॉसचा अक्षरपडदा ८० स्तंभ आणि २५ ओळींचा असे. प्रत्येक जागेला दोन बाइट, म्हणजे सगळा पडदा ४,००० बाइटांत बसे. अक्षरे फार तर २५६ प्रकारची, तीही ठरावीक रुंदीची. जोडाक्षरे, वर रेफ, खाली उकार, मागे वेलांटी हे सारे त्या चौकटीत कुठे कोंबणार? वाट काढली ती आयआयटी कानपूरमध्ये सुरू होऊन पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेल्या 'जिस्ट' तंत्रज्ञानाने. जिस्ट कार्ड हा संगणकात बसवायचा वेगळा सर्किट बोर्ड होता. भारतीय लिपींचे आकार आणि नियम त्याच्याच पोटात असत. त्यामुळे डॉसच्या ६४० केबीवर फारसा भार न टाकता पडद्यावर देवनागरी उमटे. आजच्या तरुण वाचकाला हे अद्भुत वाटेल, पण मराठी अक्षर दिसण्यासाठी एके काळी पदरमोड करून वेगळे यंत्र विकत घ्यावे लागे.

जिस्टच्या पाठीमागे 'इस्की' हे संकेतन होते. भारतीय मानक म्हणून ते १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात प्रत्येक वर्णाला एक बाइट. मग विंडोज आली, आणि तिच्याबरोबर आयएसएम, श्रीलिपी, आकृती, कृतिदेव असे फाँटांचे स्वतंत्र संसार आले. रोमन अक्षरांच्या घरात देवनागरीचे तुकडे बसवण्याची ही युक्ती होती. जागा कमी लागे, पण एका संसारातला मजकूर दुसऱ्यात नेला की त्याची अनाकलनीय चिन्हांची माळ होई. युनिकोडने तो घोळ मिटवला. त्याची किंमत जागेत मोजावी लागली, आणि ती मोजून दाखवता येते. 'छत्रपती संभाजीनगर' या नावात हलन्त, मात्रा, अनुस्वार धरून १६ देवनागरी चिन्हे आणि एक मोकळी जागा आहे. इस्कीमध्ये याला १७ बाइट लागत. लिनक्स या मुक्त सिस्टिमच्या जगात सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या यूटीएफ-८ पद्धतीत प्रत्येक देवनागरी चिन्हाला तीन बाइट, म्हणून ४९ बाइट. विंडोज आपल्या पोटात यूटीएफ-१६ वापरते, तिथे ३४ बाइट. तेच नाव, तोच पडदा, पण दोन सिस्टिमच्या दोन हिशेबवह्या.

पण मराठीने रॅम खाल्ली असे कोणी म्हणू नये. ४९ बाइटांचे हे नाव ४ जीबीमध्ये पावणेनऊ कोटी वेळा लिहिता येईल. मजकूर अजूनही स्वस्तच आहे. खर्च वाढला तो चित्रांचा. डॉसचा अक्षरपडदा ४,००० बाइटांचा होता, तर आजच्या १९२० बाय १०८० ठिपक्यांच्या पडद्याचे एक चित्र ८२,९४,४०० बाइटांचे असते. दोन हजार पटींहून अधिक. २००७ मध्ये आलेल्या विंडोज व्हिस्टापासून, आणि त्याच सुमारास लिनक्सवरही, प्रत्येक उघड्या खिडकीचे असे वेगळे चित्र स्मृतीत तयार ठेवण्याची पद्धत रूढ झाली. खिडक्यांच्या पारदर्शक कडा आणि हलत्या सावल्या तिथून आल्या.

विंडोजची अधिकृत किमान मागणी कशी चढत गेली पाहा. १९९५ मध्ये ४ एमबी. विंडोज ९८ ला १६ एमबी. २००१ च्या एक्सपीला ६४ एमबी. व्हिस्टाच्या साध्या आवृत्तीला ५१२ एमबी. २०२१ च्या विंडोज ११ ला ४ जीबी. सव्वीस वर्षांत १,०२४ पट. हे आकडे नावालाच किमान आहेत. ६४ एमबीवर एक्सपी चालवलेल्या माणसाला तिचा संथपणा आठवत असेल. निक्लाउस विर्थ या थोर संगणकशास्त्रज्ञाने १९९५ मध्येच, म्हणजे विंडोज ९५ च्याच वर्षी, एका लेखात बजावले होते, की यंत्रे ज्या वेगाने जलद होत आहेत त्याहून अधिक वेगाने सॉफ्टवेअर जड होत आहे. ते नुसती तक्रार करून थांबले नाहीत. त्यांनी सहकाऱ्यासह ओबेरॉन नावाची नेटकी, लहानशी सिस्टिम घडवूनही दाखवली होती.

या चढणीवर एक सपाट टप्पा आहे, आणि त्याची कथा महाराष्ट्रातून जाते.

रायगड जिल्ह्यात कर्जतजवळ खैराट नावाची वस्ती आहे. ऑक्टोबर २००७ मध्ये तिथल्या एकशिक्षकी शाळेतल्या विसेक मुलांच्या हाती हिरवे-पांढरे, कानासारखे अँटेना असलेले छोटे लॅपटॉप आले. 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या जागतिक उपक्रमाचा भारतातला हा पहिलाच प्रयोग होता. भारत सरकारने २००६ मध्ये हा उपक्रम घ्यायला नकार दिलेला होता, तरी खैराटमध्ये तो सुरू झाला. या 'एक्सओ' लॅपटॉपची रॅम होती २५६ एमबी आणि साठवण अवघी १ जीबी. आतली सिस्टिम फेडोरा लिनक्सवर आधारलेली आणि मुलांसाठी बनवलेला 'शुगर' नावाचा पडदा, म्हणजे डेस्कटॉप. एवढ्याशा जागेत लेखन, चित्रकला, संगीत, कॅमेरा आणि आपसांत जोडणारे जाळे बसवलेले होते. त्याच वर्षी दुकानात आलेल्या व्हिस्टाला नीट चालायला १ जीबी रॅम हवी होती. खैराटच्या मुलांच्या हातातल्या यंत्राच्या चौपट.

त्याच ऑक्टोबरमध्ये तैवानच्या आसुसने 'ई पीसी' हा सात इंची लॅपटॉप आणला. ५१२ एमबी रॅम, ४ जीबी साठवण आणि आत लिनक्स. अशा स्वस्त यंत्रांना जगभर उचल मिळाली आणि मायक्रोसॉफ्टची अडचण झाली. व्हिस्टा त्यांत मावेना. एक्सपीची विक्री ३० जून २००८ ला थांबवायचे ठरले होते. कंपनीने या लहान संगणकांपुरती ती मुदत वाढवली. मे २००८ मध्ये एक्सओवरही एक्सपी चालवण्याची घोषणा झाली. त्यासाठी यंत्रात २ जीबीचे वेगळे कार्ड घालावे लागे, कारण मूळच्या १ जीबीत एक्सपी बसत नव्हती. पुढे २००९ ची विंडोज ७ आली ती व्हिस्टापेक्षा हलकी वाटणारी, आणि तिची किमान मागणी १ जीबी (६४-बिट असेल तर २ जीबी) एवढीच होती. विंडोज ८ आणि १० नेही तोच आकडा ठेवला. एक्सपी ते व्हिस्टा या एका उडीत आठ पट वाढणारी मागणी विंडोज ७ नंतर बारा वर्षे जागची हलली नाही. यामागे आयपॅड आणि स्वस्त टॅबलेटांचाही धाक होता. पण समोर कमी रॅमवर चालणारा खराखुरा प्रतिस्पर्धी उभा राहिला, की मोठ्यातली मोठी कंपनीही हात आखडते, याचा इतका स्वच्छ पुरावा मला दुसरा माहीत नाही.

मग लिनक्स घराघरांत का पोचले नाही? २५ ऑगस्ट १९९१ रोजी लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने आपल्या छंदातल्या सिस्टिमची, म्हणजेच पुढच्या लिनक्सची, जाहीर वाच्यता केली. २० ऑक्टोबर २००४ ला लिनक्सच्या उबुंटू या अवताराची पहिली आवृत्ती आली आणि पुढची काही वर्षे मागेल त्याला तिच्या सीडी टपालाने घरपोच, फुकट मिळत. भारतभरच्या इंजिनिअरिंगच्या मुलांनी त्या मागवल्या. तरी सुटे भाग जोडून दिलेल्या संगणकांवर विंडोजच चढली. दोन कारणे उघड आहेत. पहिले, विंडोजची चोरीची प्रतही सीडीवर फुकटच मिळे, त्यामुळे लिनक्सच्या फुकटपणाचे कोणाला अप्रूप राहिले नाही. दुसरे कारण शिक्षणाचे. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने गावोगावच्या लाखो लोकांना संगणकाशी ओळख करून दिली. अनेक शासकीय नोकऱ्यांसाठी ते प्रमाणपत्र आवश्यक ठरले. हे काम मोठे आहे आणि त्याचे श्रेय दिलेच पाहिजे. पण त्या अभ्यासक्रमाचा कणा विंडोज आणि ऑफिस हाच राहिला, आणि संगणक म्हणजे विंडोज हे समीकरण पैठणपासून कन्नडपर्यंत पक्के झाले. केरळने शाळांमध्ये मुक्त सॉफ्टवेअर नेले आणि तिथल्या एका पिढीचा हात लिनक्सवर बसला. हाताला जी सवय लागते तीच सिस्टिम माणसाला सोपी वाटते.

तरीही लिनक्स आपल्या शहरात आहे, आणि अगदी वजनदार जागी आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने देशभरच्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांचे संगणकीकरण करताना उबुंटू लिनक्स निवडले. खटल्यांची नोंद ठेवणारी 'सीआयएस' ही प्रणाली राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या पुणे शाखेने मुक्त सॉफ्टवेअरवर घडवली. अदालत रोडवरचे आपले जिल्हा न्यायालय याच जाळ्याचा भाग आहे. खटल्याची पुढची तारीख मोबाइलवर दिसते तेव्हा तिच्यामागे हीच यंत्रणा असते. एकाच रस्त्यावर आत न्यायालयात उबुंटू आणि बाहेर टंकलेखकांच्या टेबलांवर जुनी विंडोज व फाँटांची जुनी सॉफ्टवेअरे, अशा दोन सिस्टिम शेजारी नांदताना पाहायच्या असतील तर तिथे जावे. हजारो न्यायालयांसाठी प्रत्येक यंत्रामागे परवाना शुल्क भरावे लागले असते आणि दर काही वर्षांनी यंत्रे बदलावी लागली असती, ते टळले. लोकांच्या पैशाचा हा शहाणा वापर आहे, आणि तो करणाऱ्यांचे पुरेसे कौतुक झालेले नाही असे मला वाटते.

लिनक्स हलके असते म्हणजे नेमके काय, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. उबुंटूचा मुख्य पडदाही आता निदान ४ जीबी मागतो. लिनक्स मिंटला २ जीबी चालतात, ४ असतील तर उत्तम. एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी असे साधे पडदे घेतले तर जुनी यंत्रे मोकळा श्वास घेतात. गाभा एकच आणि वरचा पडदा आपल्या यंत्राच्या ताकदीप्रमाणे बदलता येतो, ही लिनक्सची खरी जमेची बाजू. पण ब्राउझर उघडला की दोन्ही सिस्टिममधला फरक आक्रसतो. सप्टेंबर २००८ मध्ये आलेल्या क्रोमने प्रत्येक टॅबला स्वतंत्र प्रक्रिया देण्याची पद्धत लोकप्रिय केली. एक टॅब कोलमडला तरी बाकीचे वाचतात, सुरक्षितताही वाढते, पण रॅम जास्त जाते. पंधरा टॅब उघडे ठेवणाऱ्याला ४ जीबीत ना विंडोज सुख देईल ना लिनक्स.

आणखी एक गैरसमज इथेच दूर करतो. विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडून 'निम्मी रॅम आधीच संपली' म्हणून लोक घाबरतात. रिकामी पडलेली रॅम कोणाच्याच उपयोगाची नसते. म्हणून दोन्ही सिस्टिम मोकळ्या जागेत अलीकडे वापरलेल्या फाइल जपून ठेवतात आणि गरज लागताच ती जागा सोडतात. लिनक्सवर 'फ्री' ही आज्ञा दिली, तर 'फ्री' या रकान्यातला आकडा लहान दिसतो. पाहायचा तो 'अव्हेलेबल'चा रकाना. विंडोजमध्ये परफॉर्मन्स या भागात 'अव्हेलेबल' आणि 'कॅश्ड' हे आकडे असतात, ते बघावेत. खरी टंचाई ओळखण्याची खूण वेगळी आहे. रॅम संपली की सिस्टिम तिच्यातली काही पाने, म्हणजे मजकुराचे तुकडे, डिस्कवर हलवते. ही युक्ती मँचेस्टरच्या ॲटलस संगणकाने १९६२ मध्ये प्रथम प्रत्यक्षात आणली. खिडकी बदलताना यंत्र थबकत असेल आणि डिस्कचा दिवा अखंड लुकलुकत असेल, तर रॅम कमी पडते आहे असे समजावे.

३२-बिट विंडोजच्या काळातली एक तक्रारही आठवते. लोक हौसेने ४ जीबी रॅम टाकून आणत आणि संगणक सव्वातीनच्या आसपास आकडा दाखवी. दुकानदाराने फसवले म्हणून भांडणे होत. दोष दुकानदाराचा नसे. ३२ बिटांत मोजता येणारे एकूण पत्ते ४ जीबीचेच, आणि त्यांतलेच काही पडद्याला व इतर यंत्रणांना द्यावे लागतात. १९८१ च्या ६४० केबीचाच हा मोठा अवतार होता. एएमडीने एप्रिल २००३ मध्ये ऑप्टेरॉन प्रोसेसरमधून पीसीच्या घराण्याला ६४-बिट वाट उघडून दिली आणि ती अडचण आपल्या हयातीपुरती तरी मिटली.

आता आजची गोष्ट. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा आधार थांबवला. यावेळी अडसर रॅमचा नाही. ८ जीबी रॅम असलेला धडधाकट संगणकही विंडोज ११ नाकारते, कारण तिला टीपीएम २.० ही सुरक्षा व्यवस्था आणि ठरावीक पिढीपुढचे प्रोसेसर हवे असतात. इंटेलचा सातव्या पिढीपर्यंतचा जवळजवळ सगळा माल त्यात बाद होतो. सुरक्षिततेचे कारण खोटे नाही. पण चालते यंत्र एका तारखेने जुने ठरते, तेव्हा त्याचे ओझे शेवटी कचऱ्याच्या रूपाने आपल्याच शहरावर पडते. आणि नेमके याच वेळी रॅम महागली आहे. सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या जगातली बहुतेक डीरॅम बनवतात. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या महाकाय संगणककेंद्रांना लागणाऱ्या स्मृतीकडे त्यांनी उत्पादन वळवले, आणि २०२५ च्या अखेरीस साध्या पट्ट्यांचे भाव भराभर चढले. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने 'क्रुशियल' हा घरगुती ग्राहकांसाठीचा आपला जुना ब्रँड बंद करण्याचे जाहीर केले. १९८८ आणि १९९३ प्रमाणे पुन्हा एकदा, दूरच्या घडामोडींचा भाव आपल्या गल्लीतल्या दुकानात मोजावा लागतो आहे.

म्हणून वाचकांना कळकळीची विनंती. घरातला, दुकानातला किंवा शाळेतला जुना संगणक भंगारात देण्याआधी तो उघडून पाहा. रॅमची दुसरी खाच रिकामी असेल आणि तुमचे काम ब्राउझरवर चालत असेल, तर वापरलेली पण तपासलेली पट्टी घ्या. मात्र डीडीआर३ आणि डीडीआर४ या रॅमच्या पिढ्यांच्या खाचा वेगळ्या असतात, तेव्हा जुनी पट्टी सोबत घेऊनच दुकानात जा. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवा, रॅमची टंचाई निम्मी विसरायला होते. मग लिनक्स मिंट पेनड्राइव्हवर उतरवून, विंडोजला हात न लावता, पेनड्राइव्हवरूनच चालवून बघा. प्रिंटर, वायफाय आणि मराठी टायपिंग तिथल्या तिथे तपासता येते. इनस्क्रिप्ट कळफलक दोन्हीकडे सारखाच आहे. शिकायला आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाचे मराठी पाठ विनामूल्य आहेत. नवीन लॅपटॉप घेणार असाल, तर रॅम बोर्डावर कायमची डकवलेली नाही ना, हे दुकानदाराला आवर्जून विचारा. टॅली किंवा जुन्या फाँटांचे काम ज्यांना सोडता येत नाही, त्यांनी खुशाल विंडोजवर राहावे. पण विंडोज १० वर राहायचे असेल तर वाढीव सुरक्षेसाठी नाव नोंदवावे, आणि वैयक्तिक वापरकर्त्यांसाठी ती मुदत १३ ऑक्टोबर २०२६ ला संपते हे ध्यानात ठेवावे.